पत्ता बदलला, साखर वाढली : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मधुमेहाची पत्रे नेहमीच अधिक असतात आणि त्यांतील बहुतेकांत मेथी, कारले किंवा जांभळाच्या बियांविषयी विचारलेले असते. या खेपेस मात्र सोलापुरातून आलेल्या काही पत्रांत राहत्या घराचा, गल्लीचा आणि बदललेल्या वस्तीचा उल्लेख वारंवार आढळला. हा विषय दवाखान्यात सहसा निघत नाही, म्हणून या अंकात तीच पत्रे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे घर तीन पिढ्या साखर पेठेत होते. वडील गिरणीत होते, पुढे आमच्याच घराच्या तळमजल्यावर चार माग चालत. सात वर्षांपूर्वी आम्ही जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहायला आलो. घर प्रशस्त आहे, हवा मोकळी आहे, लिफ्ट आहे. माझे वय ५७, पत्नीचे ५२. आम्ही दोघेही सडपातळ आहोत. गेल्या वर्षी दोघांनाही मधुमेह निघाला. जेवणात काहीही बदल केलेला नाही. नातलग म्हणतात, नवी वास्तू लाभली नाही. मी ते मानत नाही. परंतु घर बदलण्याचा आजाराशी काही संबंध असू शकतो काय?

उत्तर : वास्तूचा संबंध नाही, वस्तीचा असू शकतो. तो किती हे ठरवण्यापूर्वी दोन गोष्टी हिशेबातून वजा कराव्या लागतील. पहिली वयाची. सात वर्षांपूर्वी आपण पन्नाशीला पोहोचला होता आणि आता साठीकडे निघाला आहात. त्याच पेठेत, त्याच घरात राहिला असता तरी या काळात मधुमेहाचा धोका वाढलाच असता, आणि दोघांच्या माहेरी-सासरी कोणाला हा आजार असेल तर तो आणखी वाढला असता. दुसरी गोष्ट म्हणजे रोग होणे आणि रोग सापडणे यांतील अंतर. मधुमेह कित्येक वर्षे काहीही त्रास न देता शरीरात राहू शकतो. नव्या भागात तपासणीची प्रयोगशाळा कोपऱ्यावर असते, सोसायटीत शिबिर भरते, आणि पेठेत असतानाच वाढलेली साखर नव्या घरी आल्यावर प्रथम मोजली जाते. म्हणून जुने अहवाल शोधून पाहावेत. त्यांत उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ या दरम्यान लिहिलेली आढळली, तर मधुमेहपूर्व अवस्था तेव्हाच सुरू झाली होती असे समजावे. (साखर पेठ सोडल्यावर साखर वाढली, हा योगायोग आपल्या नातलगांच्या ध्यानात आला नाही, हे बरेच झाले.)

एवढे वजा केल्यानंतर आपल्या पत्रातील एकच वाक्य मला महत्त्वाचे वाटते : जेवणात काहीही बदल केलेला नाही. नेमके तेच तपासण्यासारखे आहे, कारण ताट तेच राहिले आणि ते पचवणारा दिवस बदलला. पेठेतील घराचा दिवस आठवून पाहा. दूध आणायला खाली उतरणे, दळण टाकून येणे, मागात अडकलेला धागा जोडायला दर थोड्या वेळाने उठणे, कांड्या संपल्या की खाली-वर करणे, संध्याकाळी मंडईतून भाजी, वाटेत कोणाच्या तरी ओट्यावर टेकून दोन शब्द आणि पुन्हा घर. यातील कोणत्याही गोष्टीला कोणी व्यायाम म्हटले नाही आणि कोणी ती मोजलीही नाही. नव्या भागात रस्ते रुंद आहेत, पण त्या रस्त्याने पायी जाऊन गाठावे असे काही जवळ नाही. भाजीला दुचाकी, बँकेला दुचाकी, नातलगांकडे रिक्षा, घरी परतल्यावर लिफ्ट, आणि पाणी चार दिवसांनी आले तरी ते मोटर वर चढवते. घागरी वाहण्याचे कष्ट गेले याचे दुःख करावे असे मी म्हणणार नाही. आपल्या आईने ते कष्ट कसे काढले, हे तिलाच ठाऊक.

शरीराच्या दृष्टीने पाहिले तर चालताना मांडीचे व पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात, आणि आकुंचन पावणारा स्नायू रक्तातील ग्लुकोज इन्सुलिनच्या सांगाव्याची फारशी वाट न पाहता आत ओढून घेतो. जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्याने साखरेचा चढ कमी होतो तो याच कारणाने. पेठेत ही दहा-दहा मिनिटे दिवसभर विखुरलेली होती. सदनिकेत ती गेली आणि त्यांच्या जागी, फार तर, सकाळचा एक फेरफटका आला, जो पावसाळ्यात चुकतो आणि एप्रिल-मेमध्ये, पारा ४३-४४ अंशांवर गेला की, आपोआप बंद पडतो.

हे केवळ तर्काने सांगत नाही. लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बेंगळुरू येथील कारखान्यांत कामासाठी आलेले लोक आणि गावीच राहिलेली त्यांची सख्खी भावंडे यांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांत मधुमेहाचे प्रमाण गावी राहिलेल्यांत ६.२ टक्के, शहरात आलेल्यांत १४.३ टक्के आणि मुळातच शहरी असलेल्यांत १३.५ टक्के होते. आई-वडील तेच, लहानपणीचे ताट तेच, तरी पत्ता बदलल्यावर प्रमाण दुपटीहून अधिक झाले. अर्थात ती गावातून शहरात झालेली हालचाल होती. आपण पेठेतून विस्तारित भागात गेला आहात. त्याला अधिक जवळचा दाखला कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या दक्षिण भागातील आहे. २००१ ते २०१२ या काळात तेथील हजारो वस्त्यांची पाहणी झाली, तेव्हा ज्या वस्त्यांत दुकाने, शाळा आणि घरे पायी जाण्याच्या अंतरावर होती तेथे नव्या मधुमेहींचे प्रमाण घटले आणि जेथे प्रत्येक कामाला गाडी लागे तेथे ते घटले नाही. कॅनडातील पदपथ आणि आपल्या पेठांतील दुकानांच्या पायऱ्यांनी गिळलेले पदपथ यांची तुलना होत नाही, हे मान्य. तरीही पेठेत चालणे गैरसोयीचे असूनही घडत होते आणि नव्या भागात सोयीचे असूनही घडत नाही, हा आपल्याच शहरातील अनुभव त्या निष्कर्षाशी जुळतो.

सडपातळ असल्याचे समाधान मानू नये. भारतीयांची शरीरे दिसायला बारीक असली तरी त्यांत, विशेषतः पोटाभोवती, चरबीचा वाटा अधिक असतो, हे पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनातून जगापुढे आले. म्हणून वजनकाट्याबरोबर शिवणकामाची टेप घ्यावी : पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटर याहून अधिक नसावी.

आता करावयाचे काय? पुन्हा पेठेत जाणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. दोन्ही जेवणांनंतर उभयतांनी खाली उतरून पंधरा मिनिटे चालावे, भाजी रोज थोडी आणि पायीच आणावी, पायऱ्या किमान उतरताना तरी वापराव्यात, गुडघे दुखत नसतील तर चढतानाही. इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर चालणे वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे, कारण मात्रा कमी करावी लागू शकते; चालताना खिशात खडीसाखर ठेवावी. ज्वारीच्या भाकरीविषयी आपण विचारलेले नाही, पण पुढच्या पत्रात विचारणार हे मी जाणतो : मंगळवेढ्याची ज्वारी उत्तमच, परंतु भाकरीतही पिष्टच असते, आणि चार भाकऱ्यांची जागा दोन भाकऱ्या, वाटीभर डाळ किंवा मटकी आणि पालेभाजी यांनी घेतल्याशिवाय तिचा लाभ मिळत नाही.

प्रश्न : माझी आई चाळीस वर्षे विड्या वळते आहे. आम्ही पूर्व भागात एका खोलीत सात जण राहत होतो. आता शहराबाहेरच्या वसाहतीत स्वतःचे घर मिळाले आहे. शौचालय आहे, नळ आहे, आई फार समाधानी आहे. पण तिची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.८ टक्के होती ती वर्षभरात ९.१ झाली. डॉक्टर म्हणतात, ती पथ्य पाळत नाही. ती तर पूर्वीपेक्षा कमीच जेवते. चांगल्या घरात आल्यावर आजार का वाढावा?

उत्तर : आपल्या आईसारख्या स्त्रियांचे हे स्थलांतर सोलापुरात लहान प्रमाणावर झालेले नाही. कुंभारी येथे २००६ मध्ये विडी कामगार स्त्रियांना दहा हजार घरे मिळाली आणि त्याच परिसरातील रे नगर येथे जानेवारी २०२४ मध्ये पंधरा हजार घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जाणे हे आरोग्याच्या दृष्टीनेही मोठे पाऊल आहे. साधी गोष्ट घ्या : शौचालय सामायिक असले की स्त्रिया दिवसा पाणी कमी पितात आणि लघवी रोखून धरतात, आणि मधुमेहात ही सवय मूत्रमार्गाच्या संसर्गाला आमंत्रण देते. तो त्रास आता टळला.

चांगली वस्ती मधुमेहाला आवर घालते, याचा भक्कम पुरावा आहे. माणूस आपली वस्ती स्वतः निवडतो, त्यामुळे वस्तीचा परिणाम कोणता आणि निवडणाऱ्याच्या परिस्थितीचा कोणता हे एरवी वेगळे करता येत नाही. पण दोन ठिकाणी ही निवड लोकांच्या हाती नव्हती. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांतील गरीब सरकारी वसाहतींत राहणाऱ्या ४,४९८ मातांच्या कुटुंबांची सोडत काढून काहींना कमी गरिबीच्या भागात घर घेण्यासाठी साहाय्य देण्यात आले. दहा ते पंधरा वर्षांनी रक्त तपासले, तेव्हा मधुमेहाच्या पातळीची साखर असलेल्या स्त्रियांचे प्रमाण साहाय्य मिळालेल्या गटात सुमारे ४.३ टक्क्यांच्या फरकाने कमी निघाले. स्वीडनमध्ये १९८७ ते १९९१ या काळात आलेल्या निर्वासितांना सरकारने ठरवून दिलेल्या ठिकाणी राहावे लागले. त्यांपैकी वंचित वस्त्यांत गेलेल्यांना पुढील काळात मधुमेह ७.९ टक्के प्रमाणात झाला आणि सुस्थितीतील वस्त्यांत गेलेल्यांना ५.८ टक्के.

मग आपल्या आईच्या बाबतीत उलटे का झाले? त्या अमेरिकन माता नांदत्या वस्तीत गेल्या, जेथे दुकान, दवाखाना, शाळा आणि काम आधीपासून होते. शहराच्या कडेला नव्याने उभ्या राहणाऱ्या वसाहतीत घर आधी येते आणि बाकीचे मागाहून, कधी पाच-दहा वर्षांनी. त्यामुळे मी आपल्याला पथ्याआधी गोळ्यांविषयी विचारीन. पूर्वी आई कोणत्या दवाखान्यातून गोळ्या आणत असे? तो आता किती लांब आहे, तेथे जाण्यासाठी रिक्षाचे किती पैसे पडतात आणि त्या दिवसाची मजुरी बुडते का? जुन्या व नव्या घरांमधील महिन्यांत गोळ्यांत खंड पडला होता का? माझ्या अनुभवात घर बदलल्यावर सरासरी साखर एवढी उसळते तेव्हा बहुधा येथेच काहीतरी तुटलेले असते आणि रुग्ण ते आपण होऊन सांगत नाही, कारण बोलणी खावी लागतील अशी भीती असते. ‘पथ्य पाळत नाही’ हे विधान करण्यापूर्वी डॉक्टरांनी पत्ता विचारायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट चालण्याची. पूर्व भागात विड्या जमा करायला आणि पाने-तंबाखू आणायला आई पायी जात असे. आता ते वाहनाने होते, किंवा कोणीतरी सगळ्यांचे एकदम आणून देते. म्हणजे सुपापुढे बसून राहण्याचे तास वाढले आणि त्यांना छेद देणारी एकमेव गोष्ट गेली. विड्या नगावर मोजल्या जातात, उठले की पैसे कमी होतात, त्यामुळे ‘रोज तासभर फिरा’ असा सल्ला तिला देणे मला योग्य वाटत नाही. एक बंडल बांधून झाले की उठून घराच्या दारापर्यंत किंवा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येणे मात्र जमण्यासारखे आहे. ती कमी जेवते म्हणता, पण काय जेवते ते पाहा : भाजीवाला दोन दिवसांआड येत असेल तर मधल्या दिवशी भात आणि चटणीवरच भागते. याखेरीज ती मिश्री लावत असेल तर ती सोडवावी, आणि तळपाय रोज रात्री पाहावेत; मधुमेहाने तळपायांची संवेदना कमी झालेली असेल तर उन्हात तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर अनवाणी गेल्यास पोळलेले तिला कळणार नाही.

मधुमेह हा खाऊन-पिऊन सुखी लोकांचा आजार आहे, ही समजूतही आता सोडावी लागेल. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्र, तमिळनाडू आणि चंडीगड येथील शहरी भागांत तो गरीब स्तरातच अधिक आढळला होता.

प्रश्न : आमचे मंडळ दर वर्षी पेठेत साखर तपासणी शिबिर घेते. पाच वर्षांपूर्वी ज्या प्रमाणात मधुमेही निघत, त्याहून या वर्षी बरेच कमी निघाले. या काळात जुने वाडे पडून नव्या इमारती झाल्या, रस्ता झाला, दिवे आले. पेठ सुधारल्याने मधुमेह कमी झाला, असे आम्ही अहवालात लिहू शकतो का?

उत्तर : अद्याप लिहू नये. समजा, पेठेतील शंभर प्रौढांत २४ मधुमेही होते. वाडे पडले आणि तीस वयस्क माणसे मुलांबरोबर विजापूर रस्ता, होटगी रस्ता अशा ठिकाणी राहायला गेली. त्यांत १२ मधुमेही होते. त्यांच्या जागी नव्या इमारतींत तीस तरुण भाडेकरू आले. त्यांत दोघेच मधुमेही. आता शंभरांत १४ उरले. या सगळ्यात एकाही माणसाची साखर एका अंकानेही उतरलेली नाही. माणसे बदलली आणि त्यांच्याबरोबर सरासरी बदलली. बदलत्या वस्तीविषयीचे आकडे वाचताना मोठमोठ्या अहवालांतही हीच फसगत होते, आणि उलट दिशेनेही होते : जेथे वृद्ध मागे राहतात आणि तरुण पुण्याला जातात, त्या गल्लीत कोणाचेही काही न बिघडता प्रमाण वाढलेले दिसते.

शिबिराची वेळही पाहावी. सकाळी दहाला भरणाऱ्या शिबिराला निवृत्त माणसे येतात, मागावरचा कामगार येत नाही. बोटातून थेंबभर रक्त घेऊन कोणत्याही वेळी केलेली चाचणी धोका हेरण्यास उपयोगी आहे, निदानास नाही. मंडळाला खरोखर काही जाणून घ्यायचे असेल तर नोंदवहीत एक रकाना वाढवावा : या पत्त्यावर किती वर्षे राहता आणि त्याआधी कोठे राहत होता? मग दर वर्षी त्याच माणसांना पुन्हा बोलवावे, आणि पेठ सोडून गेलेल्यांना दूरध्वनी करून त्यांचीही साखर विचारावी. काम किचकट आहे, पण पाच वर्षांनी हाती येणारी वही अनमोल असेल. देशात मधुमेहाचे प्रमाण शहरांत १६.४ टक्के आणि ग्रामीण भागात ८.९ टक्के असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने सांगितले. एकाच शहराच्या दोन पेठांत काय घडते, हे आपल्या वहीसारख्या वह्याच सांगू शकतील.

प्रश्न : आमच्या गल्लीत दोन वर्षांत तीन बेकऱ्या, एक केकचे दुकान आणि चायनीजच्या चार गाड्या आल्या. मधुमेहाला हेच कारणीभूत नाही का?

उत्तर : काही अंशी असावे, परंतु केवळ दुकाने मोजून फार काही सिद्ध होत नाही. अमेरिकेतील सहा भागांत काही हजार लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा नकाशावर मोजलेल्या दुकानांपेक्षा ‘आमच्या भागात ताजी भाजी-फळे सहज मिळतात, चालायला बरे वाटते’ असे रहिवाशांनी स्वतः सांगण्याचा मधुमेह कमी होण्याशी अधिक संबंध दिसला. बेकरी आली याहून भाजीवाली उठून गेली का, हे मी आधी पाहीन. गल्लीत चार चाकी गाड्या लागू लागल्या की सर्वप्रथम तिचीच पाटी हलवली जाते. आणि मोबाइलवरून मागवलेले जेवण कोणत्याही गल्लीत वीस मिनिटांत पोहोचते, तेव्हा बेकरीवाल्याशी भांडून उपयोग नाही.

प्रश्न : आम्ही नवविवाहित आहोत, दोघांच्याही आईला मधुमेह आहे. सदनिका घेण्याच्या विचारात आहोत. जागा निवडताना आरोग्याच्या दृष्टीने काय पाहावे?

उत्तर : बिल्डर रविवारी सकाळी गाडीतून जागा दाखवतो. आपण मे महिन्यात, कामाच्या दिवशी, संध्याकाळी सातला पायी जाऊन पाहावे. भाजी, दूध, औषधाचे दुकान आणि रिक्षाथांबा दहा मिनिटांत गाठता येतो का? रस्त्याला सावली देणारी झाडे आहेत का, की नुसते दुभाजकावरचे शोभेचे रोप? दिवे लागतात का, भटकी कुत्री किती आहेत आणि आठ वाजता त्या रस्त्याने एकट्या स्त्रीला परतता येईल का? मोठ्या रस्त्यालगतची खोली शयनगृह असू नये; अपुरी झोप इन्सुलिनचा परिणाम कमी करते, आणि वाहनांच्या सूक्ष्म धुराचा मधुमेहाशी संबंध दिल्ली व चेन्नई येथील पाहणीत दिसलेला आहे. जिना मोकळा, उजेडाचा आणि लिफ्टच्या आधी दिसणारा असावा, ही अट मला स्विमिंग पूलपेक्षा मोलाची वाटते.

दोघांच्याही आईला मधुमेह असल्याने तिशीची वाट न पाहता आताच उपाशीपोटीची साखर तपासून घ्यावी, आणि राहायला गेल्यानंतर वर्षभराने पुन्हा. पहिला अहवाल जपून ठेवा व त्यावर तारखेबरोबर तेव्हाचा पत्ताही लिहा.